मोठ्या चाकांच्या कुमुदबाई

कुमुद अजिंक्य आमच्या शाळेत आल्या नसत्या, तर मी स्वतःला जन्मभर फार चांगली बाई समजत राहिले असते. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, दुसऱ्याचं बरं झालं की मला आनंद होतो, असा माझा माझ्याविषयी समज होता. त्या आल्या आणि वर्षभरात तो समज पार धुऊन निघाला. मत्सर म्हणजे काय हे मी मुलींना कवितेच्या तासाला समजावून सांगत असे. तो पोटात नेमका कुठे दुखतो हे मला त्यांच्यामुळे कळलं. आज त्यांच्यावर लिहायला बसले तेव्हाही पहिला विचार हाच आला, की त्यांनी माझ्यावर लिहिलं असतं तर निम्म्या वेळात लिहून झालं असतं आणि जास्त चांगलं झालं असतं.

आमची मुलींची शाळा गिरगावात. मी मराठी शिकवायची, त्या विज्ञान. दोघींचे वर्ग शेजारी, मध्ये लाकडी पार्टिशन. मी करुण रसात शिरले की पलीकडून हसण्याचा कल्लोळ उठे. एकदा तर टाळ्याच सुरू झाल्या. जाऊन पाहते तर कुमुदबाईंनी शिपायाची सायकल टेबलावर उलटी उभी केली होती आणि मुली पाळीपाळीनं पॅडल फिरवून चाकाचे फेरे मोजत होत्या. मुख्याध्यापिका दारात उभ्या. आता ओरडतील म्हणून मी आशेनं थांबले, तर त्यांनीही एक फेरा मारून घेतला. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई, आपण पण काहीतरी फिरवू या ना!"

त्यांचं घराणं मुंबईतलं जुनं प्रभू घराणं. ठाकुरद्वारला स्वतःचं घर, घरात पियानो, आणि माणसं एकेक करून कमी होत होत आता उरलेल्या फक्त मायलेकी. सॉलिसिटर काकांनी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून दोन माणसांची उघडी गाडी घेतली होती. शर्यतीची म्हणतात तसली. काका गेले आणि गाडी पुतणीकडे आली. दुसऱ्या कुठल्याही बाईनं ती विकून पाटल्या केल्या असत्या. यांनी लायसन काढलं.

गाडीचा रंग शेवाळी. इतकी बुटकी, की फुटपाथवर उभं राहून आत बसलेल्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देता यावा. गाडी सुरू करण्याआधी कुमुदबाई तिला एक प्रदक्षिणा घालत आणि प्रत्येक टायरला बोटांची उलटी बाजू लावून बघत, पोराचा ताप बघावा तशी. मग चपला काढून सीटखालचे कॅनव्हासचे बूट चढवत, पदर कमरेला खोचत, वडिलांचं मोठं पुरुषी घड्याळ मनगटावर वर सरकवत आणि निघत. वय चाळिशीच्या अलीकडे. दिसायला माझ्यापेक्षा काही फार उजव्या नव्हत्या. पण निघताना बघावं त्यांना. सगळी गल्ली बघायचीच.

आणि त्यांचं एक पालुपद होतं. कुणी कशाला नाक मुरडलं, नवी पद्धत म्हणू नका, नवं वेळापत्रक म्हणू नका, की म्हणत, "आधी फिरवून बघा, मग नावं ठेवा." मी न फिरवता नावं ठेवणाऱ्यांतली. त्यामुळे हे वाक्य नेहमी माझ्याकडे बघूनच म्हटलं जातंय असं मला वाटे.

शाळेत त्या लाडक्या झाल्या हे मी कसंबसं गिळलं होतं. पण पुढचा धोंडा मी माझ्याच हातानं पायावर पाडून घेतला. स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी त्यांची गाडी सुरूच होईना. सगळ्याजणी भोवती जमल्या. त्या घोळक्यात मला मिरवायची हुक्की आली आणि मी म्हणाले, "थांबा, आमचे हे आलेत. बघतील ते."

आमचे हे, म्हणजे मधुकरराव, लालबागला एका मोटारीच्या वर्कशॉपात फोरमन होते. त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला, बॉनेट उघडलं, आणि आत बघताना त्यांचा जो चेहरा झाला तो मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. गाडी सुरू झाली. त्या दिवसापासून माझा रविवार गेला.

आमचा रविवार म्हणजे काय होता हे सांगायला हवं. सकाळी हे बाजारातून मासळी आणत. दुपारी जरा पडत. संध्याकाळी आम्ही दोघं चौपाटीवर जाऊन बसत असू. मूलबाळ नव्हतं, दोन खोल्या, आठवडाभर दोघांची धावपळ. त्यामुळे जे काही बोलायचं ते तिथे वाळूत बसून. चारचौघांत हे मला "ऐकलं का" म्हणत. दोघंच असलो की "सुमे" म्हणत. ते नाव सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं. संसारात माझी अशी खास मिळकत म्हणावी तर तेवढीच.

आता रविवारी सकाळी हे जुना शर्ट चढवून ठाकुरद्वारला जात आणि दिवेलागणीला काळे हात घेऊन परतत. जेवताना सुरू. "कुमुदबाईंचं म्हणणं असं की..." कार्ब्युरेटरविषयी कुमुदबाईंचं म्हणणं, पेट्रोलविषयी कुमुदबाईंचं म्हणणं. मी एकदा ताट जरा जोरात ठेवून म्हटलं, "आणि आमटीविषयी काय म्हणणं आहे त्यांचं?" हे म्हणाले, "आमटीचा विषय निघाला नाही." या माणसाशी भांडण तरी कसं करावं!

सासूबाई लालबागला थोरल्या दिरांकडे राहत. त्यांच्यापाशी मी रडले. त्यांनी पानाला चुना लावता लावता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगो, तेका गाडयेचा याड लागलाहा, बायलेचा नाय. बायलेचा लागला असता तर न्हावन गेलो असतो."

हे खरं होतं. हे जात ते आंघोळसुद्धा न करता, जुन्या शर्टात. पण खऱ्यानं पोटातली आग विझत नाही. शेजारच्या बायका जिन्यात थांबून विचारत, "आज पण गेले का हो?" गाडीला सीटा दोनच. गाडी दुरुस्त झाल्यावर फिरवून बघायची म्हणजे एका सीटवर त्या आणि दुसऱ्यावर कोण, हे सांगायला नको. कुमुदबाईंनी मला कितीदा तरी म्हटलं, "सुमतीबाई, चला ना, एक चक्कर मारू." मी दरवेळी डोकं दुखतंय म्हणायची. त्या डाव्या सीटवर मी पाऊल ठेवणार नव्हते.

मोठ्या चाकांचं खूळ निघालं ते आमच्याच घरी, माझ्याच पाटावर बसून. त्या वेळी जुहूच्या विमानतळावर मोटारींच्या शर्यती व्हायच्या. धावपट्टीचा लांब सरळ पट्टा, आणि दोन्ही टोकांना तेलाची पिंपं ठेवून केलेली वळणं. कुमुदबाईंना तिथे उतरायचं होतं.

"सरळ पट्ट्यावर माझं इंजिन शेवटी शेवटी किंचाळायला लागतं, मधुकरराव," त्या भात कालवत म्हणाल्या. "वरचा गियर टाकलेला, पॅडल तळाला टेकलेलं, आता आणखी फिरणार कुठून? चाकं मोठी लावली तर तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त लांब जाईल."

"जाईल ना. पण ओढणारं इंजिन तेच," हे म्हणाले. "उठायला वेळ लावेल. मोठं चाक म्हणजे वजन आलं. ते फिरवायला जड, आणि फिरलं की थांबवायला पण जड. ब्रेक आहेत तेच राहणार."

"पट्टा लांब आहे. उठायला गेलेला वेळ तिथे भरून काढीन."

"आणि वळणं? गाडी उंच होणार, बाई. कलेल. स्टिअरिंग ओढताना हात भरून येतील."

"वळणांचं बघू. फिरवून बघू."

दोघंही जेवण विसरले होते. मी डाव हातात धरून ताटकळत उभी. शेवटी म्हटलं, "मोठ्या डावानं वाढलं तर फेऱ्या कमी लागतात. पण उचलायला मनगट लागतं, आणि वाटी लहान असली की आमटी बाहेर सांडते. एवढंच ना? आता वाढू का?"

दोघं माझ्याकडे बघत राहिले. मग कुमुदबाईंनी डाव्या हातानं मांडीवर थाप मारली. "बघा! आम्ही अर्धा तास डोकं फोडतोय ते यांनी एका दमात सांगितलं!"

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. पण सोमवारी पार्टिशनपलीकडून माझाच डाव ऐकू आला. त्यांनी मुलींना चाकाचा धडा आमटीवर शिकवला. "हे सुमतीबाईंचं आहे बरं का," असंही त्यांनी स्वच्छ सांगितलं, ते मी कानानं ऐकलं. पण मधल्या सुट्टीत मुली म्हणत होत्या, "कुमुदबाई काय मस्त उदाहरण देतात नाही?"

त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीची तारांची चाकं चोर बाजारात मिळाली. उंच आणि टायरही जाड. ह्यांनी तोंडानं विरोध चालू ठेवून हातानं ती बसवली. मडगार्ड वर उचलावी लागली. चढवल्यावर गाडी अशी दिसू लागली, की जणू एखादी बाई ओचे वर खोचून चिखलातून निघाली आहे. सगळं गिरगाव हसलं. कुमुदबाईही हसल्या, आणि नव्या टायरचा ताप बघून निघून गेल्या.

त्याच आठवड्यात त्यांना चर्नी रोडपाशी पोलिसानं अडवलं. वेग जास्त होता म्हणाला. मी मुलींना घेऊन तिथूनच चालले होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. गाडीतला वेगाचा काटा तर वेग बेतानंच असल्याचं दाखवत होता, तेवढं सांगितलं असतं तरी त्या सुटल्या असत्या. पण नाही. "काट्यावर जाऊ नका हवालदार," त्या म्हणाल्या. "काटा चाकाचे फेरे मोजतो. मी चाकं मोठी केली आहेत. तो दाखवतो त्याहून मी वेगात असणार. तुमचं बरोबर आहे." हवालदार गोंधळला. इतकी वर्षं रस्त्यावर उभा, पण असा आरोपी त्यानं पाहिला नसावा. "मग आता काय करू म्हणता?" त्यानं त्यांनाच विचारलं. "दंड करा," म्हणाल्या. त्यानं केला नाही. सलाम ठोकला. माझ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्यांना रांगेत चालायला सांगितलं.

शर्यत नाताळच्या सुमारास झाली. मी गेले. पुरीभाजीचा डबा घेऊन गेले, आणि मनात काय घेऊन गेले ते देवाला ठाऊक. रांगेत एकटी बाई. बाकीचे टोपीवाले, गॉगलवाले, आपसांत डोळे मिचकावणारे. निशाण पडलं आणि सगळ्या गाड्या सुटल्या, कुमुदबाईंची मात्र जागची उठेना. म्हशीनं चिखलातून उठावं तशी उठली. मग लांब पट्ट्यावर तिनं असा काही जोर धरला की हे बाकावर चढून ओरडू लागले. एक गाडी मागे टाकली, दुसरी टाकली. आणि आलं पिंपांचं वळण. ब्रेक केव्हाच लावला होता, पण चाकं ऐकायला तयार नव्हती. गाडी कलली. त्या दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत होत्या, पुढचं टायर मडगार्डला घासून जळका वास आमच्यापर्यंत आला. मागे टाकलेल्या दोन्ही गाड्या आतून निघून गेल्या. पुढच्या फेऱ्यातही तेच. सरळ रस्त्यावर कमवायचं आणि वळणावर घालवायचं.

आडनाव अजिंक्य आणि नंबर शेवटून दुसरा, तोही एक गाडी मध्येच बंद पडली म्हणून. मला इतका आनंद झाला की मी चार पुऱ्या जास्त खाल्ल्या.

पण त्या बाईनं तो आनंदही धड भोगू दिला नाही. हरलेल्या माणसानं जरा तोंड पाडावं, नशिबाला बोल लावावा. त्या गाडीतून उतरल्या त्या हसतच, दोन्ही तळवे सोललेले. "मधुकरराव, तुम्ही जिंकलात. सगळं तुम्ही म्हणालात तस्सं झालं. सुमतीबाई, आमटी सांडली हो!" आणि माझ्या डब्यातली पुरी उचलून खाऊ लागल्या. ह्यांचे डोळे भरून आले होते. घरी येताना मी विचारलं, "तुमचंच म्हणणं खरं झालं, मग रडायला काय झालं?" हे म्हणाले, "तुला नाही कळायचं."

हे वाक्य मला फार लागलं. नवऱ्याच्या आयुष्यात आपल्याला न कळणारी एक खोली असावी आणि तिची किल्ली दुसऱ्या बाईकडे असावी, याहून वाईट ते काय.

पुढच्या रविवारी हे जुनी चाकं परत बसवायला गेले आणि तासाभरात परतले. कुमुदबाईंनी बसवू दिली नव्हती. आधीच्या बारीक टायरांचा एक त्रास होता. गिरगावातून जाताना चाक ट्रामच्या रुळाच्या खाचेत अडकायचं, आणि एकदा तर गाडी ट्रामच्या मागोमाग तिच्या थांब्यापर्यंत गेली होती. मोठी जाड चाकं खाचेत शिरत नसत. "शर्यत वर्षातून एकदा, रूळ रोजचे," असं त्या म्हणाल्या होत्या.

संक्रांत झाली. मी त्यांना तिळगूळ दिला, गोड बोला म्हटलं, आणि अंगाचा तिळपापड तसाच ठेवून घरी आले. तो तिळगूळ डब्यात होता तोच मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि लोक रस्त्यावर उतरले. आधी मोर्चे, मग दगड, मग अश्रुधूर, मग गोळ्या. ट्राम बंद, बस बंद. शाळेत मुलींचं येणं थांबलं होतं, आम्ही चार शिक्षिका जवळ राहणाऱ्या म्हणून जात होतो. दुपारी ऑफिसातला फोन वाजला. वर्कशॉपच्या मालकांचा होता. अश्रुधुरानं लोक पळाले, हे वर्कशॉपचं दार ओढायला बाहेर आले, आणि मालानं भरलेली हातगाडी त्यांच्या डाव्या पायावर उलटली. उचलून जवळच आईच्या खोलीवर नेलंय. रक्त थांबत नाही. अँब्युलन्स येऊ शकत नाही.

मी फोन हातात धरून उभी होते. माझ्या हातातून तो काढून कुमुदबाईंनी जागेवर ठेवला आणि म्हणाल्या, "चला."

त्याही वेळी त्यांनी प्रदक्षिणा घातली, चारही टायरांना हात लावला. मला ओरडावंसं वाटलं. ज्या सीटवर पाऊल ठेवणार नाही म्हणून मी शपथ घेतली होती, त्या सीटवर मी पायांत चपला आहेत की नाहीत याचं भान नसताना बसले.

भायखळ्याचा पूल उतरेपर्यंत ठीक होतं. पुढे रस्त्यावर नुसता दगडांचा सडा, मोडक्या फळ्या, गटारांची झाकणं. गाडी दगडांवरून जाताना दणके बसत, पण पोट टेकत नव्हतं. लालबागच्या तोंडाशी जमाव आडवा आला. असली गाडी म्हणजे आत शेठच असणार. एकानं दगड उगारला.

"कोण आहे? उतरा खाली!"

"उतरणार नाही," कुमुदबाई उभ्या राहून म्हणाल्या. "हिचा नवरा चाळीत जखमी पडलाय. त्याला इस्पितळात न्यायचाय. मारायचा तर मार दगड, पण लवकर मार, मला वेळ नाही."

त्यानं दगड खाली टाकला. "आधी सांगायचं ना ताई! ए, सरका रे, सरका! वाट करा!" पोरांनी पटापट धोंडे बाजूला केले. एक झाकण पोरांना हलेना. कुमुदबाई म्हणाल्या, "राहू दे, राहू दे. चाकं मोठी आहेत." आणि त्यावरून गाडी घातली. मागून गर्जना उठली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" त्यात माझाही आवाज होता की मी नुसती रडत होते, आठवत नाही.

ह्यांना चौघांनी उचलून खाली आणलं. चेहरा पांढरा, पायाला सासूबाईंचं लुगडं गुंडाळलेलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गाडीला सीटा दोनच आहेत.

गाडी चालवणार कुमुदबाई. इस्पितळात जाणार हे. मी राहणार. दुसरा उपायच नव्हता. मी स्वतः ह्यांना त्या डाव्या सीटवर बसवलं, पाय उशीवर ठेवला, अंगावर शाल घातली. मग माझ्या डोळ्यांसमोर माझा नवरा त्या बाईशेजारी बसून परळच्या रस्त्यानं निघून गेला. शेजारणी जे वर्षभर जिन्यात बोलत होत्या ते चित्र हेच. आणि मी त्यालाच हात जोडून उभी होते. ह्यांचा जीव वाचावा असं वाटत होतं, आणि तो वाचवणारी दुसरी कुणी असती तर, असंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटत होतं.

सासूबाईंनी हाताला धरून आत नेलं, पेज पुढ्यात ठेवली. "खा गे. ती आणतली तेका."

ऊन कलायच्या आत खाली हॉर्न वाजला. कुमुदबाई परत आल्या होत्या, त्याच दगडधोंड्यांतून. "रक्त थांबलंय. घोट्याचं हाड मोडलंय, पण पाय राहील म्हणाले डॉक्टर. चला, आता तुमची पाळी."

पायाखाली ह्यांचं रक्त वाळलं होतं. गाडी थोडी पुढे गेल्यावर मी विचारलंच. माझ्यासारख्या बाईला हा प्रश्न अशा वेळीही सुचतो.

"वाटेत काय बोलले?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, तुमचीच आठवण काढत होते हो. कुमुदबाईंना तेवढं खोटं येत नव्हतं. "आधी चाकांबद्दल बोलले," त्या म्हणाल्या. "ही मी काढली नाहीत ते बरं झालं म्हणाले." मग एक धोंडा चुकवला. "नंतर शुद्ध हरपायला लागली. कळ आली की माणसं आई गं म्हणतात ना? हे दर दणक्याला 'सुमे' म्हणत होते."

मी तोंडाला पदर लावला. सुख झालं, फार सुख झालं. पण त्याच्या मागोमाग काय आलं तेही सांगते. दोघंच असताना मला मारायची हाक, ती तिसऱ्या माणसासमोर पहिल्यांदा उमटली, आणि ती ऐकायला मी नव्हते, ही खंत होती.

हे बरे झाले, पण डावा घोटा पूर्वीसारखा वळेना. क्लच दाबला की कळ जाई. दोन-तीनदा प्रयत्न करून त्यांनी गाडी चालवणं सोडलं. एका रविवारी कुमुदबाई आमच्या दारात आल्या आणि ह्यांना नाही, मला म्हणाल्या, "सुमतीबाई, चला. त्या दिवशी तुम्हाला चालवता येत असती तर तुम्हाला मागे राहावं लागलं नसतं. दोन सीटा आहेत तर चालवणारं माणूस मी एकटीच का?"

"मला नाही जमायचं. मला नकोच ती गाडी."

"आधी फिरवून बघा, मग नावं ठेवा."

पहिल्या दिवशी मनगटं सुजली. मोठी चाकं, जड स्टिअरिंग. निघताना गाडी आळस देऊन उठायची, थांबताना दोन हात पुढेच जाऊन थांबायची. कुमुदबाई फुटपाथवरून ओरडत, "आधीपासून ब्रेक! चाक मोठं आहे, त्याला आधी सांगावं लागतं!" शिकवताना त्या स्वतः कधी शेजारी बसल्या नाहीत. तिथे ह्यांना बसवत. मग कितीतरी रविवार मी उजवीकडे, हे डावीकडे, चौपाटीवरून वरळीपर्यंत आणि परत. माझा रविवार मला मिळाला होता. पण तोही त्यांच्याच गाडीत बसून, त्यांच्याच किल्लीनं. उपकार करावेत तर असे, की माणसाला उघड चिडताही येऊ नये.

संयुक्त महाराष्ट्र झाला त्या वर्षी कुमुदबाईंची आई गेली. ठाकुरद्वारचं घर विकलं गेलं, आणि नागपूरकडे एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्यांना बोलावणं आलं. गाडी दादरच्या एका डॉक्टरांनी घेतली. पोचवायच्या दिवशी त्या सकाळी आमच्याकडे आल्या आणि किल्ली माझ्यापुढे धरली. "तुम्ही चालवा." हे आले नाहीत. पाय दुखतो म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"तुम्ही नाही चालवणार? शेवटचं?"

"या गाडीत मी सोडून सगळे डावीकडे बसलेत," त्या म्हणाल्या. "मलाही बघू दे, तिथून कसं दिसतं."

चपला घातलेल्या कुमुदबाई त्या गाडीत मी प्रथमच पाहिल्या. हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. मांडीवर ठेवले, मग पर्स धरली, मग घड्याळ उगाच वर सरकवलं. लालबाग गेलं. जिथे झाकणावरून गाडी घातली होती तिथे दोघींनीही रस्त्याकडे पाहिलं. परळच्या वळणावर एक हातगाडी अचानक आडवी आली. त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर जोरानं आपटला, जिथे ब्रेक नव्हता तिथे, आणि तोंडातून निघालं, "सुमे!"

मी गाडी थांबवली. वेळेवर थांबवली. हातगाडीवाला निघून गेला. त्या दंगलीच्या दिवसानंतरही चार वर्षं त्या मला सुमतीबाईच म्हणत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते नाव त्यांनी त्या दिवशी ऐकलं होतं आणि नंतर कुठे जपून ठेवलं होतं, आणि कुणासाठी, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

दादरला डॉक्टरांच्या दारात गाडी उभी केली. त्या उतरल्या. सीटखालचे कॅनव्हासचे बूट काढून पर्सबरोबर बगलेत धरले. प्रदक्षिणा घातली, चारही टायरांना हात लावला. मग माझ्या खांद्याला तसाच, बोटांच्या उलट्या बाजूनं, जरासा हात लावला आणि म्हणाल्या, "येते." डॉक्टर यायचे होते, किल्ली माझ्याकडे होती, म्हणून मी बसून राहिले. त्या स्टेशनच्या दिशेनं निघाल्या. एकदा तरी वळून बघतील म्हणून मी आरशात डोळे लावून होते. त्या वळल्या नाहीत. बूट बगलेत, पदर कमरेला खोचलेला, गर्दी आपोआप बाजूला होत होती.

इतकी वर्षं माझी समजूत होती की ती सगळी ऐट त्या गाडीची आहे. गाडी तर माझ्याखाली होती. आणि चालत जातानासुद्धा मेली माझ्याहून झोकात जात होती.